क्रॉसबो, शिकारीचे
दस्त्यासारख्या दांड्याच्या पुढील टोकास आडवे बसविलेले धनुष्य, ताणलेली प्रत्यंचा अडकवून ठेवणारी कळ आणि ती कळ मोकळी करणारा चाप हे ज्याचे मुख्य घटक आहेत, अशा बाण सोडण्याच्या साधनास क्रॉसबो असे म्हणतात. मराठीत त्यास ‘आडवे धनुष्य’ म्हणता येईल. साध्या धनुष्यात प्रत्यंचा हाताने ताणून धरावी लागते व नेम धरेपर्यंत सर्व ताण स्नायूंना सोसावा लागतो. क्रॉसबोत हा ताण कळ सोसते. त्यामुळे धनुर्धारी पाहिजे तितका वेळ नेम धरून थांबू शकतो. या एका गुणामुळे हे शस्त्र प्रथम युद्धात व पुढे शिकारीत लोकप्रिय झाले. मात्र याच गुणामुळे त्याच्याविषयी एक गैरसमजही रूढ झाला आहे. क्रॉसबो खांद्याला लावून, दुर्बिणीतून नेम धरून व चाप ओढून चालवितात. म्हणून ते बंदुकीसारखेच लांब पल्ल्याचे हत्यार असावे असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः ते धनुष्यच आहे व त्याच्या मर्यादाही धनुष्याच्याच आहेत. पहिल्या क्रॉसबोची निवड करताना ही गोष्ट लक्षात न घेतल्यास तिचे परिणाम बहुधा जखमी होऊन निसटलेल्या जनावरास भोगावे लागतात.

इतिहास : क्रॉसबोचा उगम पूर्व आशियात झाला असे सामान्यतः मानले जाते. चीनमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमारास ते लष्करी शस्त्र म्हणून प्रचारात होते. शीआन शहराजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांबरोबर क्रॉसबोच्या ब्राँझच्या कळा मोठ्या संख्येने मिळाल्या असून त्यांची घडण अत्यंत काटेकोर आहे. ग्रीकांचे ‘गॅस्ट्राफिटीस’ हे पोटाने दाबून ताणावयाचे धनुष्य याच जातीचे होते व त्याचे वर्णन ॲलेक्झांड्रियाच्या हीरॉन याने केले आहे. रोमन काळातील गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, काही शिल्पपट्टांत क्रॉसबो शिकारीच्या साहित्याबरोबर कोरलेले आढळते, तर स्कॉटलंडमधील पिक्ट लोकांच्या एका कोरीव शिळेवर रानडुकरावर क्रॉसबो रोखलेला धनुर्धारी दाखविलेला आहे. यावरून यूरोपात या साधनाचा शिकारीशी असलेला संबंध त्याच्या लष्करी कीर्तीपेक्षा जुना असावा असे दिसते.

अकराव्या शतकापासून यूरोपीय युद्धांत त्याचे महत्त्व वाढले. ॲना कॉम्नीना या बायझंटिन राजकन्येने आपल्या इतिहासग्रंथात पश्चिमेकडील लोकांचे अपरिचित शस्त्र म्हणून त्याचे वर्णन केले आहे. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरविला. परंतु या निषेधाचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड हा ११९९ मध्ये फ्रान्समधील शाल्यूस येथील वेढ्यात क्रॉसबोच्या बाणानेच जखमी होऊन मरण पावला. सोळाव्या शतकात बंदुकांनी त्याला रणांगणावरून हटविले, तरी शिकारीत ते दीर्घकाळ टिकून राहिले. तोड्याच्या बंदुकीचा धूर, वास व आवाज यांपेक्षा नीरव बाण शिकाऱ्यास अधिक सोयीचा होता. पवित्र रोमन सम्राट पहिला माक्सिमीलिआन यास क्रॉसबोने शिकार करण्याचा विशेष षोक होता. लहान पक्ष्यांसाठी मातीच्या वा शिशाच्या गोळ्या फेकणारे हलके क्रॉसबोही त्या काळी प्रचारात होते. तत्त्वतः ते भारतातील गुलेलीशी मिळतेजुळते होत.

आशियातील काही आदिवासी समाजांत क्रॉसबोची परंपरा अलीकडच्या काळापर्यंत जिवंत राहिली. चीनच्या युनान प्रांतातील लिसू, व्हिएटनामच्या डोंगराळ भागातील जमाती, भारतातील नागा टेकड्यांतील काही जमाती व निकोबार बेटांतील लोक यांची लाकडी व बांबूची क्रॉसबो प्रसिद्ध आहेत. अंदमानातील मूळ रहिवासी मात्र साधे धनुष्य वापरतात.

आधुनिक शिकारी क्रॉसबोचा विकास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ब्रिटन येथे झाला. अमेरिकेतील हॉलिस विल्बर ॲलन यास १९६९ मध्ये उत्केंद्री चाके बसविलेल्या धनुष्याचे एकस्व मिळाले. हीच योजना पुढे क्रॉसबोतही वापरण्यात आली व तीमुळे त्याचे रूप पार पालटले.

रचना : क्रॉसबोचा दस्ता लाकूड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक अथवा कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा असतो. त्याच्या वरच्या अंगास बाण ठेवण्याची सरळ खोबण असून तीतूनच बाण पुढे सरकतो. पुढील टोकास धनुष्याच्या दोन भुजा असतात. पूर्वी त्या लाकूड, शिंग व स्नायुतंतू यांच्या किंवा पोलादाच्या करीत; आता त्या काचतंतूंच्या थरांच्या करतात. भुजांच्या पुढे बहुधा एक लोखंडी रिकीब असते. तीत पाय रोवून व दोन्ही हातांनी प्रत्यंचा वर ओढून ती कळीत अडकवितात. कळीमागे सुरक्षा खटका असतो. खोबणीत बाण नसताना कळ सुटूच नये अशी योजनाही बहुतेक नव्या क्रॉसबोत केलेली असते. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट केले आहे.

क्रॉसबोचा बाण साध्या धनुष्याच्या बाणापेक्षा आखूड, सामान्यतः ४० ते ५६ सेंमी. लांबीचा, असतो. तो कार्बन तंतूंचा वा ॲल्युमिनियमचा असून अग्रासह त्याचे वजन बहुधा २३ ते ३० ग्रॅ. असते. त्याच्या बुडाशी दोन किंवा तीन कृत्रिम पिसे व प्रत्यंचेला टेकणारे टोपण असते. या टोपणाचे सपाट, अर्धचंद्राकृती व प्रत्यंचेला पकडणारे खाचयुक्त असे प्रकार आहेत. कोणत्या क्रॉसबोस कोणते टोपण चालते हे उत्पादकाने ठरवून दिलेले असते. चुकीचे टोपण वापरल्यास प्रत्यंचा बाणाच्या वरून किंवा खालून निसटते. तसे झाल्यास ते क्रॉसबो रिकामे सोडल्यासारखेच ठरते.

कार्याचे तत्त्व : प्रत्यंचा ताणताना भुजा वाकतात व त्यांत स्थितिज ऊर्जा साठते. कळ सुटताच या ऊर्जेचा बराच भाग बाणास गतिज ऊर्जेच्या रूपाने मिळतो. उरलेला भाग भुजा, प्रत्यंचा व चाके यांच्या हालचालीत, कंपनांत व आवाजात खर्च होतो. साठलेली ऊर्जा दोन गोष्टींवर अवलंबून असते : प्रत्यंचा ताणण्यास लागणारे महत्तम बल, म्हणजे ओढबल, आणि प्रत्यंचा जितके अंतर बाणास ढकलते ते ओढीचे अंतर. नवशिक्याचे लक्ष केवळ ओढबलाकडे जाते. परंतु दुसरी राशीही तितकीच महत्त्वाची आहे. मध्ययुगीन पोलादी क्रॉसबोचे ओढीचे अंतर १५ ते २० सेंमी. इतकेच असल्याने त्याचे ओढबल कित्येक शेकडो किग्रॅ. ठेवावे लागे व ते ताणण्यासाठी तरफ, दातेरी पट्टी किंवा रहाट यांची गरज पडे. आधुनिक क्रॉसबोचे ओढीचे अंतर २५ ते ४५ सेंमी. असल्यामुळे सामान्यतः ७० ते ९० किग्रॅ. ओढबलात पुरेशी ऊर्जा साठते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ओढबल ७५ किग्रॅ. म्हणजे सु. ७३५ न्यूटन व ओढीचे अंतर ३३ सेंमी. आहे असे समजू. चाके नसलेल्या साध्या भुजांत बल शून्यापासून हळूहळू वाढत जाते; त्यामुळे साठलेली ऊर्जा बल व अंतर यांच्या गुणाकाराच्या सु. निम्मी, म्हणजे १२० जूल भरते. उत्केंद्री चाकांच्या धनुष्यात बल लवकर वाढून बराच वेळ तेवढेच टिकते. म्हणून ही ऊर्जा गुणाकाराच्या सु. तीनचतुर्थांश, म्हणजे १८० जूल होऊ शकते. दोन्हींत ७५ टक्के ऊर्जा बाणास मिळते असे धरल्यास २६ ग्रॅ. वजनाच्या बाणाचा वेग पहिल्या प्रकारात सु. ८३ मी./से. व दुसऱ्यात सु. १०२ मी./से. येतो. ओढबल सारखेच असूनही चाकांमुळे पडणारा हा फरक आहे.

प्रकार : वरील विवेचनावरून शिकारी क्रॉसबोचे दोन मुख्य प्रकार लक्षात येतील. (१) प्रतिवक्र भुजांचे क्रॉसबो : याच्या भुजांची टोके पुढे वळलेली असतात व प्रत्यंचा थेट त्यांना जोडलेली असते. हलणारे भाग कमी असल्याने बिघाडही कमी होतो. प्रत्यंचा तुटल्यास शिकारी ती साध्या साहाय्यक दोरीच्या मदतीने रानातच बदलू शकतो. उलटपक्षी हे धनुष्य रुंद असते, त्याचा आवाज बहुधा जास्त असतो आणि तितकाच वेग मिळविण्यासाठी त्याचे ओढबल अधिक ठेवावे लागते. (२) चाकांचे म्हणजे संयुक्त क्रॉसबो : हे अरुंद, वेगवान व दाट झाडीत किंवा मचाणावर वापरण्यास सोयीचे असते. परंतु त्यातील दोऱ्या व चाके एकमेकांशी अचूक जुळलेली असावी लागतात व प्रत्यंचा बदलण्यासाठी भुजा दाबून धरणारे यंत्र आवश्यक असते. जवळपास असे यंत्र व जाणकार कारागीर नसल्यास या प्रकाराचा सारा वेग निरुपयोगी ठरतो. भुजा उलट दिशेने बसवून ओढीचे अंतर वाढविलेला एक उपप्रकारही आहे. त्यात वजनाचा तोल मागे, धनुर्धाऱ्याच्या बाजूस येत असल्याने तो हातात स्थिर राहतो; मात्र त्याची किंमत जास्त असते.

वस्तीपासून दूर, आठवडाभर मुक्काम करून शिकार करणाऱ्यास पहिला प्रकार; तर घराजवळच्या रानात, मचाणावरून शिकार करणाऱ्यास दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो.

वेग व पल्ला : विक्रेते वेगाच्या आकड्यावर भर देतात. हा आकडा बहुधा हलक्यात हलका बाण वापरून मोजलेला असतो. शिकारीच्या वजनदार बाणाने तो कमी होतो. परंतु जड बाण धनुष्यातील ऊर्जा अधिक प्रमाणात उचलतो, त्याचा संवेग जास्त असतो, तो खोलवर शिरतो व क्रॉसबोचा आवाजही कमी करतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण कधीही वापरू नये आणि वेगासाठी वजनाचा बळी देऊ नये.

वेगाचा खरा उपयोग बाण किती खाली येतो हे पाहिल्यास कळतो. बाणाचा वेग १०० मी./से. असल्यास तो ३० मी. अंतरापर्यंत ०·३ सेकंदात पोहोचतो व तेवढ्या वेळात सु. ४४ सेंमी. खाली येतो, ४० मी.वर तो सु. ७८ सेंमी. खाली आलेला असतो. नेम ३० मी.साठी जुळविलेला असून जनावर प्रत्यक्षात ४० मी.वर असेल, तर बाण नेमाच्या सु. २० सेंमी. खाली लागेल. हाच वेग ८३ मी./से. असल्यास चूक सु. २८ सेंमी., तर १२० मी./से. असल्यास सु. १४ सेंमी. होते (हवेचा रोध येथे विचारात घेतलेला नाही). मध्यम आकाराच्या हरिणाच्या हृदय व फुप्फुसांचा मिळून लक्ष्यभाग साधारणतः २० ते २५ सेंमी. व्यासाचा असतो, म्हणजे त्याच्या केंद्रापासून कड केवळ १० ते १२ सेंमी.वर असते. यावरून असे दिसते की, अंतराच्या अंदाजात १० मी.ची चूक झाली, तर १२० मी./से. वेगाचे क्रॉसबोही ती भरून काढू शकत नाही. अधिक वेग विकत घेण्यापेक्षा अंतर मोजण्याचे साधन जवळ बाळगणे व त्याहूनही जवळून बाण सोडणे हेच उपयुक्त ठरते.

दुसरी मर्यादा आवाजाची आहे. ध्वनीचा वेग सु. ३४० मी./से. असल्याने कळ सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी जनावराच्या कानी पडतो. जनावर २५ मी.वर असल्यास आवाज व बाण यांच्या पोहोचण्यात सु. ०·१८ सेकंदाचे अंतर राहते, ६० मी.वर ते सु. ०·४२ सेकंद होते. दचकलेले हरिण उडी घेण्यापूर्वी अंग खाली दबवते. त्यास इतका वेळ मिळाल्यास छातीवर धरलेला नेम पाठीवर लागतो किंवा बाण वरून निघून जातो. या सर्व कारणांनी क्रॉसबोने शिकार करण्याचे योग्य अंतर ३० ते ४० मी.पर्यंतच मानले जाते. लक्ष्यफलकावर त्याहून दूरचा नेम साधणे शक्य असते. परंतु फलक जागचा हलत नाही.

बाणाचे अग्र : बंदुकीची गोळी आघाताने ऊतींचा मोठा नाश करते, बाण मात्र पात्यांनी रक्तवाहिन्या कापून, रक्तस्राव घडवून मारतो. त्यामुळे अग्राची पाती वस्तऱ्याइतकी धारदार असणे हा सौंदर्याचा नव्हे, तर दयेचा प्रश्न आहे. शिकारी अग्रांचे दोन वर्ग आहेत : पाती कायम उघडी असलेली व लक्ष्यावर आपटताच उघडणारी. पहिली मजबूत व भरवशाची असतात. परंतु अतिवेगवान बाणावर त्यांची पाती हवेत सुकाणूसारखे काम करून बाणाची दिशा बदलू शकतात. दुसरी हवेत सरळ जातात. मात्र उघडण्यात काही ऊर्जा खर्च करतात व त्यांच्यात हलणारे भाग असतात. मध्यम वेगाच्या पहिल्या क्रॉसबोसाठी मजबूत, स्थिर पात्यांची अग्रे हीच सुरक्षित निवड होय. सराव साध्या टोकांनी केला असला, तरी शिकारीपूर्वी प्रत्यक्ष वापरावयाच्या अग्रांनी नेम पुन्हा तपासणे आवश्यक असते, कारण दोन्हींचे बाण एकाच ठिकाणी लागतीलच असे नाही.

निवडीचे निकष : पहिला क्रॉसबो निवडताना पुढील गोष्टींचा या क्रमाने विचार करणे इष्ट ठरते.

(१) प्रत्यंचा चढविण्याची क्षमता : जे क्रॉसबो स्वतःस सुखाने चढविता येत नाही ते निरुपयोगी होय. कप्प्या बसविलेल्या दोरीने लागणारे बल सु. निम्मे होते, म्हणजे ७५ किग्रॅ. ओढबलासाठी सु. ३७ किग्रॅ. इतके बल लावावे लागते. पाठीचे दुखणे असलेल्यांसाठी व वृद्धांसाठी हाताने फिरवावयाचे रहाटासारखे साधन मिळते. नुसत्या हातांनी चढविताना प्रत्यंचा एका बाजूस थोडी जरी अधिक ओढली गेली, तरी बाण बाजूला जातो. म्हणून ताकद असली तरी दोरी वापरणे हेच श्रेयस्कर असते.

(२) वजन व तोल : शिकारी क्रॉसबोचे वजन सामान्यतः २·७ ते ३·६ किग्रॅ. असते. दुकानात पाच मिनिटे हाती घेतलेले क्रॉसबो हलके वाटते. तेच उभ्याने, आधाराविना खांद्यास लावून धरल्यास त्याच्या पुढच्या टोकाचा भार जाणवू लागतो. दस्त्याची लांबी हाताच्या लांबीस जुळणारी असावी. जाड हिवाळी कपडे घालून शिकार करावयाची असल्यास तशाच कपड्यांत ते खांद्यास लावून पाहावे.

(३) चाप : चाप हळुवार व एकसारख्या दाबाने सुटणारा असावा. दीड ते दोन किग्रॅ.चा दाब सोयीचा मानला जातो. खरखरीत व रेटावा लागणारा चाप असल्यास उत्तम धनुष्याचाही नेम चुकतो. स्वस्त क्रॉसबोंत पहिली काटकसर बहुधा येथेच केलेली आढळते.

(४) सुरक्षा योजना : बाण नसताना कळ सुटू न देणारी योजना व पुढच्या हाताची बोटे प्रत्यंचेच्या मार्गात येऊ न देणारा कठडा या दोन गोष्टी पहिल्या क्रॉसबोत असाव्यात. त्यांच्यावाचून मिळणारी सवलत महागात पडते.

(५) नेम साधण्याचे साधन : साधी माशी वापरूनही जवळची शिकार साधते, परंतु निरनिराळ्या अंतरांसाठी आडव्या खुणा असलेली, कमी विवर्धनाची दुर्बीण पहाटे व संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात अधिक उपयोगी पडते. या खुणा ठराविक वेगासाठी आखलेल्या असतात; म्हणून आपल्या बाणाने त्या प्रत्यक्ष पडताळून घ्याव्या लागतात.

(६) एकूण खर्च : क्रॉसबोच्या किमतीत बहुधा दुर्बीण, दोन-तीन बाण व भाता यांचा समावेश असतो. याशिवाय सरावाचे आणखी बाण, शिकारी अग्रे, चढविण्याची दोरी, बाण अडविणारे भरीव लक्ष्य, प्रत्यंचेचे मेण व काही काळाने नवी प्रत्यंचा यांचा खर्च येतो. सर्व रक्कम धनुष्यावर खर्च करून सरावासाठी बाण न उरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी दोन-तीन प्रकारची क्रॉसबो अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली चालवून पाहावीत. जुने क्रॉसबो घेताना भुजांवरील बारीक चिरा, प्रत्यंचेचे तुटके धागे व चाकांच्या कडांवरील खाचा तपासणे अगत्याचे असते.

सुरक्षितता : क्रॉसबोमुळे होणारे अपघात बहुतांशी ठराविक प्रकारचे असतात. पहिला म्हणजे अंगठ्यास इजा होणे. पुढच्या हाताचा अंगठा खोबणीच्या वर आलेला असताना कळ सुटल्यास प्रत्यंचा तो तोडू शकते. दुसरा म्हणजे क्रॉसबो रिकामे सोडणे. बाण नसल्यास साठलेली सारी ऊर्जा भुजांवरच आदळते व त्या फुटून तुकडे उडतात. तिसरा म्हणजे भुजांच्या मार्गात झाडाची फांदी किंवा मचाणाची दांडी येणे. चढविलेले क्रॉसबो घेऊन चालू नये, मचाणावर चढू नये व वाहनात बसू नये. मचाणावर पोहोचल्यानंतर ते न चढविलेल्या स्थितीतच दोरीने वर ओढून घ्यावे. शिकार न मिळाल्यास बहुतेक क्रॉसबोंची प्रत्यंचा हाताने सैल करता येत नाही. त्यासाठी बोथट टोकाचा बाण मऊ जमिनीत अथवा लक्ष्यात सोडून ते उतरवितात. लक्ष्याच्या मागे काय आहे याची खात्री नसल्यास बाण सोडू नये हा नियम बंदुकीप्रमाणेच येथेही लागू आहे.

सराव व शिकारीची नीती : क्रॉसबो अल्पावधीत शिकता येते हे खरे असले, तरी तेवढ्याने शिकारीची पात्रता येत नाही. सरावात ज्या अंतरावर सलग पाच बाण सु. १५ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात पडतात, ते त्या व्यक्तीचे कमाल अंतर समजावे व प्रत्यक्ष शिकारीत ते आणखी कमी करावे. जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असतानाच बाण सोडावा. समोरून येणाऱ्या, पळणाऱ्या वा झुडपाआड असलेल्या जनावरावर सोडू नये. क्रॉसबो पुन्हा चढविण्यास वेळ लागत असल्यामुळे दुसरी संधी बहुधा मिळत नाही. बाण लागल्यावर लगेच पाठलाग न करता काही काळ थांबावे व मग रक्ताच्या खुणांवरून माग काढावा, कारण हाकलले गेलेले जखमी जनावर दूर जाऊन हाती लागत नाही. माग शेवटपर्यंत काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. ज्या क्रॉसबोवर आपला पूर्ण विश्वास आहे तेच खरे उत्तम क्रॉसबो होय. त्याचा वेग मध्यम असला, तरी बाण न सोडण्याचा निर्णय घेण्याइतका संयम शिकाऱ्याजवळ असेल, तर ते पुरेसे ठरते.

कायदा : क्रॉसबोने शिकार करण्यासंबंधीचे कायदे देशोदेशी अत्यंत भिन्न आहेत, म्हणून कोणत्याही निवडीपूर्वी स्थानिक नियम पाहणे अपरिहार्य आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा विषय घटक राज्यांकडे आहे. गेल्या काही दशकांत बहुसंख्य राज्यांनी धनुष्याच्या शिकारीच्या हंगामात, निदान त्याच्या काही भागात, क्रॉसबोस परवानगी दिली आहे. ओरेगन राज्यात मात्र त्याने शिकार करण्यास मनाई आहे. परवानगी असलेल्या ठिकाणीही किमान ओढबल, अग्राची रुंदी इत्यादींसंबंधी नियम असतात. कॅनडात एका हाताने चालविता येणारी व ५० सेंमी.पर्यंत लांबीची आखूड क्रॉसबो निषिद्ध आहेत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर अधिनियमानुसार धनुष्य व क्रॉसबो यांनी वन्य प्राणी मारणे हा गुन्हा आहे, तर १९८७ च्या क्रॉसबो अधिनियमाने अल्पवयीनांना त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. जर्मनीत खूर असलेल्या शिकारी प्राण्यांवर बाण सोडण्यास मनाई आहे. यूरोपीय समुदायाच्या १९९२ च्या अधिवासविषयक निर्देशात सस्तन प्राण्यांच्या बाबतीत निषिद्ध ठरविलेल्या साधनांत क्रॉसबोचा समावेश आहे. जपानने २०२२ पासून क्रॉसबो बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर कडक निर्बंध आले व १९९१ च्या दुरुस्तीने ते अधिक व्यापक झाले. या अधिनियमाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा ‘शस्त्र’ म्हणून स्पष्ट उल्लेख असून वन्य प्राण्यास जखमी करणे, एवढेच नव्हे तर त्याच्या शिकारीचा प्रयत्न करणे, हेही ‘शिकार’ या संज्ञेत येते. त्यामुळे महाराष्ट्रात वा भारतात अन्यत्र छंद म्हणून क्रॉसबोने वन्य प्राण्यांची शिकार करण्यास वाव नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या किंवा मानवी जीवितास धोकादायक झालेल्या जनावरांविषयीचे अपवाद अधिनियमात आहेत; परंतु ते सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने व ठराविक अटींवरच लागू होतात. शिकारीस परवानगी असलेल्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांस वरील विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग होऊ शकेल. इतरांच्या दृष्टीने क्रॉसबोचे महत्त्व शस्त्रविद्येचा इतिहास, आदिवासींची भौतिक संस्कृती आणि यामिकीतील ऊर्जासंचयाचे एक बोलके उदाहरण या नात्यानेच राहते.